काटा कुठे आहे

३ मार्च

प्रिय दादा,

फोन करून उपयोग नाही म्हणून लिहिते आहे. तुझ्या खाणीत रेंज नाही आणि आमच्या घरात बाबांचे कान आहेत. डोळ्यांतली गेलेली सगळी ताकद कानांत जमा झाली आहे. मी बाथरूममध्ये पुटपुटले तरी बाहेरून उत्तर येतं. म्हणून हे लाँड्रीच्या काउंटरवर बसून, लोकांच्या शर्टांच्या पावत्या फाडता फाडता लिहिते आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पडदा मधोमध झिजलाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं होतं. दाराची चौकट दिसते, दारात उभा माणूस दिसत नाही. चालता येतं, पायऱ्या उतरता येतात, पण वाचता येत नाही, आणि गाडी तर अजिबात चालवायची नाही. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि बाहेर येऊन माझ्याकडे किल्ली मागितली. येताना रणगाडा गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला घासला. बाबा म्हणाले, खांब सरकवलाय कोणीतरी.

तुला रणगाडा आठवतोच. सात माणसांची गाडी, आता माणसं दोन. निवृत्त झाल्यावर घेतली आणि आजवर गॅरेजचं तोंड पाहू दिलं नाही. तेल, ब्रेक, पट्टे, सगळं अंगणात स्वतः करतात. उभा जन्म वजनमापे खात्यात दुकानदारांचे तराजू तपासले, त्यामुळे आपल्याशिवाय कोणावर विश्वास नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी हो म्हटलं तर त्या परवाना कार्यालयाला चिठ्ठी देतील. देऊ का? मला धीर होत नाही. किल्ली लपवली तर घर डोक्यावर घेतील. नाहीतर तूच गाड्यांतला माणूस, असं काही सांग की गाडी सुरूच होणार नाही आणि माझं नाव येणार नाही.

तुझी,
चिमणी

१५ मार्च

चिमणे,

रसद घेऊन येणारा ट्रक उद्या परत निघेल, त्याच्याबरोबर हे पाठवतो आहे. खांब सरकवलाय हे वाचून मी डंपरखाली झोपल्या झोपल्या इतका हसलो की फोरमन वाकून बघायला आला.

चिठ्ठी देऊ नकोस. चिठ्ठीने परवाना जाईल, माणूस तसाच राहील. तो तुला रोज उठून त्या चिठ्ठीवरून सोलेल. त्याला स्वतःच सोडू दे.

बॉनेट उघड. बॅटरीला दोन टोकं असतात. ज्याच्यावर वजाबाकीची खूण आहे तिथला नट दहाच्या पान्याने सैल कर. काढू नकोस, फक्त हलवल्यावर हलेल इतका. किल्ली फिरवली की नुसतं टकटक होईल, स्टार्टर फिरणार नाही. पाने कुठे टांगलेले असतात ते मला आंधळा झालो तरी सापडेल. लहानपणी मी तिथे उजेडाची बॅटरी धरून उभा असायचो. उजेड हलला की त्यातलाच एक पाना बोटांवर बसायचा. डावी करंगळी अजून सरळ होत नाही. थंडीत ग्रीसचा डबा उघडताना म्हाताऱ्याची आठवण येते.

घाबरू नकोस. गाडीला काही होत नाही याने.

दादा

३० मार्च

प्रिय दादा,

तू सांगितलंस तसं केलं. चहा निवायच्या आत सापडलं.

बाबांनी किल्ली फिरवली, टकटक ऐकलं, आणि खाली उतरून ते सरळ बॉनेटकडे गेले. हाताने चाचपत टोकं धरली, हलवून पाहिली. मला हाक मारली. मी म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. तर म्हणाले, इथे बोट लाव, काय लागतं? टोकावर पांढरी खरखरीत बुरशी आली होती, ती मात्र खरी होती. मग मला गरम पाणी आणि खायचा सोडा आणायला लावला, जुन्या दातांच्या ब्रशने घासायला लावलं, पुसून वर व्हॅसलीन लावायला लावलं. नट माझ्याकडूनच आवळून घेतला. म्हणाले, हात हलका आहे तुझा, चांगलं आहे.

दादा, मी चाळीस वर्षांची होईन आता. माझ्या हाताबद्दल त्या माणसाने पहिल्यांदाच काही बरं म्हटलं.

मग बाबा गाडी घेऊन डेअरीपर्यंत जाऊन आले. मी इंजिनाचा आवाज परत येईपर्यंत फाटक सोडलं नाही. दुसरं काही सुचव.

चिमणी

१२ एप्रिल

चिमणे,

हात हलका आहे म्हणे. म्हाताऱ्याला मोलकरीण हवी आहे, तू कौतुक समजून बसू नकोस.

आता फ्यूज. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला गुडघ्यापाशी झाकण आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र छापलंय, त्यात पेट्रोल पंपाची खूण असलेला फ्यूज शोध. तो उपटून तुझ्या पर्समध्ये टाक. स्टार्टर फिरेल, पण इंजिन पकडणार नाही. त्याला आता वाचता येत नाही, त्यामुळे ते चित्र त्याच्या कामाचं नाही.

दादा

२७ एप्रिल

प्रिय दादा,

तेही सापडलं. या वेळी मात्र आम्हाला दोन दिवस लागले.

मागची सीट उचलून त्यांनी तिथे कान लावला आणि मला किल्ली अर्धी फिरवायला सांगितली. म्हणाले, टाकीतला पंप आधी क्षणभर गुणगुणतो, आज गप्प आहे. म्हणजे एकतर पंप मेला किंवा त्याच्यापर्यंत वीज पोचत नाही. मग त्यांचा तो वीज मोजायचा काट्याचा मीटर काढला, खात्यातून निरोपाला मिळालेला. दोन तारा ते धरतात, काटा मी बघते. आता दिवसभर अंगणातून एकच प्रश्न येतो, काटा कुठे आहे? वीज असली तर मी सांगते, बारावर. नसली तर सांगते, शून्यावर. तसतसे ते पुढे सरकतात. फ्यूजची जागा रिकामी आहे हे बोटालाच लागलं. हॉर्नचा काढून तिथे बसवला. गाडी सुरू झाली तेव्हा म्हणाले, आपण दोघांनी शोधलं.

आई गेल्यापासून घरात कोणी असं बोललं नव्हतं. रात्री जेवताना त्यांनी मला रिले म्हणजे काय ते चमचे मांडून समजावलं. मीटर कधी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं सारखं म्हणत होते. त्यांच्या नोकरीतल्या गोष्टीही सांगितल्या, कोणत्या वाण्याने तराजूखाली मेण लावलं होतं वगैरे. मला माहीतच नव्हतं की ते इतके गमतीने बोलू शकतात.

मला वाटतं घाई करू नये. ते हल्ली लांब जात नाहीत. बिघाड शोधण्यातच त्यांचा वेळ जातो.

चिमणी

१९ मे

दादा,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहिते आहे.

समोरच्या शिंपीकाकांचा पाय गेला. गेला म्हणजे आहे, पण टाचेचा चुरा झाला आहे. उजवा, ज्याने ते मशीन चालवतात तो. रविवारी सकाळी दुकानाची फळी उघडत होते. बाबांनी गाडी मागे घेतली. दगडावरून गेल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा पुढे घेतली. दोनदा, दादा.

बाबा उतरून म्हणाले, मध्ये उभं राहायची काय गरज होती. काका जमिनीवर पडले होते आणि बाबा त्यांच्या डोक्यावरून कुठेतरी भिंतीकडे बघून हे बोलत होते.

काकांनी तक्रार केली नाही. म्हणाले, इतक्या वर्षांचा शेजार आहे, पण त्याला सांग माझ्या दारात येऊ नको. मी घरी येऊन किल्ली मागितली. बाबा म्हणाले, मी मेल्यावर घे.

तुला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी नट मीच पुन्हा सैल केला होता. तू सांगितलं नव्हतंस तरी. रविवारी काहीतरी शोधायला असावं म्हणून. त्यांनी आवळला, आणि नीट झालं का ते बघायला गाडी बाहेर काढली.

काय करू ते सांग. काहीही सांग.

चिमणी

१ जून

चिमणे,

मला वाटलंच होतं तू त्याला खेळणी पुरवते आहेस. आता रडून शिंप्याची टाच जुळणार नाही. मी सांगतो तसं कर, आणि या वेळी तुझं डोकं चालवू नकोस.

बाबांच्या डबीत उडालेले फ्यूज असतात, तो काही फेकून देत नाही. त्याच रंगाचा उडालेला एक घे आणि पंपाच्या जागी बसव. बोटाला फ्यूज लागेल, आतली तुटलेली तार लागणार नाही. चांगला असेल तर मीटर फ्यूजच्या दोन्ही बाजूंना बारा दाखवतो. उडालेला असेल तर एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला शून्य.

तो विचारेल, काटा कुठे आहे. तू दोन्ही वेळा बारा म्हण.

एवढंच करायचं. तो स्वतःला खोटं ठरवेल, मीटरला नाही. मग पंप बदलेल, तरी चालणार नाही. रिले बदलेल, तारा उकलेल, तरी चालणार नाही. जिथे जिथे विचारेल तिथे तिथे सगळं ठीक आहे म्हणत राहा. किल्ली तो आपण होऊन देईल.

तुला क्रूर वाटत असेल तर खिडकीतून समोर बघ. शिंपी कसा उठतो ते बघ.

दादा

४ जुलै

दादा,

महिना झाला. मी बारा म्हणते आहे.

पंप बदलला. त्यासाठी टाकी उतरवली, मी खाली सरपटत जाऊन पट्ट्यांचे बोल्ट काढले, सगळे कपडे पेट्रोलने भिजले. नवा पंपही गप्प. त्यांनी सीटला कान लावला तो कितीतरी वेळ उचललाच नाही. मग रिले. मग किल्लीचा खटका. आता डॅशबोर्ड उघडून ठेवलाय आणि तारा बाहेर लोंबताहेत. अंगणात चादरीवर सुटे भाग आहेत, ते त्यांनी ओळीने मांडले होते. परवा पाऊस आला आणि ओळ कुठली ते त्यांना आठवेना. मला सांगितलं, तूच लाव. मलाही येईना.

फ्यूजपाशी ते परत परत येतात. त्यांना आतून कळतंय की तिथेच आहे. काल तारा धरल्या आणि म्हणाले, नीट बघ, काटा कुठे आहे? मी म्हटलं बारावर. दुसरी बाजू? बारावर. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मग तारा सोडून दिल्या आणि म्हणाले, मग माझंच चुकतंय.

जेवत नाहीत नीट. मीठ समजून साखर घातली आणि तसंच खाल्लं, मला वाटतं कळूनही काही बोलले नाहीत. गाडी चालवायचं नावच काढत नाहीत आता. पुरे झालं ना? मी चांगला फ्यूज बसवते आणि किल्ली मागते. आता देतील.

चिमणी

१६ जुलै

चिमणे,

नाही. आता सुरू झाली तर पुन्हा शेफारेल.

तो मला पत्र लिहील. त्याला दुसरं कोणी नाही. तोवर थांब.

दादा

२ ऑगस्ट

चिरंजीवास,

आशीर्वाद. अक्षर तुझ्या बहिणीचं आहे, मजकूर माझा. मी बोलतो तसं लिही, मध्ये घालू काढू नकोस, असं तिला बजावलं आहे.

गाडी बंद आहे. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. पंपाला आवाज नाही. पंप नवा, रिले नवा, खटका नवा. फ्यूजच्या पेटीपासून पंपापर्यंत सगळीकडे बारा आहेत आणि अर्थिंगची तार शाबूत आहे. असं असताना पंप चालायलाच हवा. दोन महिने विचार करतो आहे. कुठेतरी एक साधी गोष्ट मी विसरलो आहे आणि ती मला आठवत नाही.

तू रोज मोठी यंत्रं दुरुस्त करतोस. तुला लहानपणी मी शेजारी उभा करत होतो ते शिकवायच्या उद्देशाने. माझी शिकवायची रीत बरोबर नव्हती हे मला आता समजतं, कारण ही मुलगी माझ्याजवळ उभी राहते आणि मला तिच्यावर ओरडावंसं वाटत नाही. हिने दोन महिने न कंटाळता काटा वाचला आहे. ही नसती तर दोष गाडीत नसून माझ्यात आहे हे मला कळलंही नसतं.

सुट्टी मिळाली तर ये. नाहीच मिळाली तर काय तपासायचं राहिलं ते कळव. मी सांगशील तसं करीन.

तुझा,
बाबा

१४ ऑगस्ट

ती. बाबांस,

पत्र मिळालं. सुट्टी नाही.

तुम्ही काय विसरलात ते विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही काही विसरला नाहीत. तुम्हाला गाडीतलं कधी काही येतच नव्हतं. तुम्ही अंगणात दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी मागाहून कोणीतरी गपचूप नीट केली आहे. काकांची जीप, मामांची गाडी, सगळ्या. तुमच्या तोंडावर कोणी बोललं नाही कारण तुम्ही ओरडायचात. माझं पहिलं शिकणं तेच होतं, तुम्ही झोपल्यावर तुमच्या चुका निस्तरणं. आई बॅटरी धरायची.

गाडी मिळेल त्या भावाने काढून टाका आणि पाने कोणाला तरी देऊन टाका.

तुमचा मुलगा

२० सप्टेंबर

दादा,

तू विचारलंस, म्हाताऱ्याने काय केलं. सांगते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ते अंगणात खुर्चीवर बसले होते. म्हणाले, वाच. मी आधी मनात वाचलं. आई बॅटरी धरायची हे खोटं आहे, मला माहीत आहे, रात्री मी तिच्या कुशीत असायचे. मला दुसरं काहीही वाचता आलं असतं. सुट्टी मिळाली की येतो, असं वाचता आलं असतं. पण दोन महिने खोटं वाचून माझी जीभ जड झाली होती. वाटलं, आता एक तरी गोष्ट खरी वाचावी. म्हणून शब्दन् शब्द वाचलं. बाबांनी कागद मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, गिऱ्हाईक बघ.

सामान वाहणारा एक ठेकेदार आला, बरोबर त्याचा मेकॅनिक. पोरसवदा, कानात इअरफोन. तारांचं ते जंजाळ बघून हसला. मग गुडघ्यावर बसून पेटीतले फ्यूज एकेक करून उपटले, उजेडात धरले आणि म्हणाला, आजोबा, पंपाचा फ्यूज उडालाय की. दुसरा लावला. पंप गुणगुणला. तो आवाज मी फाटकापाशी उभी होते तिथवर आला. म्हणजे बाबांना केवढा आला असेल.

 बाबांनी हात पुढे केला, त्याने तो उडालेला फ्यूज त्यांच्या तळव्यावर ठेवला. ते अंगठ्याने चाचपत राहिले. म्हणाले, याच्या दोन्ही बाजूंना बारा होते.

"कसे असतील?" तो म्हणाला. "कोणी बघितलं?"

बाबांनी मूठ मिटली. मग म्हणाले, नजरचूक झाली असेल. कोणाची ते बोलले नाहीत. माझ्याकडे वळलेही नाहीत, आणि वळून तरी त्यांना माझं तोंड कुठे दिसणार होतं. ठेकेदाराला किल्ली दिली, सगळे पाने पिशवीत भरून तेही दिले. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू होऊन गेली.

त्यानंतर ते मला काही म्हणाले नाहीत. तू म्हणशील सुटलो. पण दादा, ते मला काहीच वाचायला सांगत नाहीत. पेपर बंद केला. औषधांच्या बाटल्यांना रबरं गुंडाळली आहेत, एक सकाळची, दोन रात्रीची. ती त्यांनी केमिस्टकडून गुंडाळून आणली, एकटे चालत जाऊन. मी ताटात काय आहे ते सांगितलं तर बोटाने चाचपून बघतात, मग खातात. घड्याळात किती वाजले ते सांगितलं तर हो म्हणतात, आणि थोड्या वेळाने फाटकात जाऊन रस्त्यावरच्या कोणालातरी विचारतात. आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं.

परवा शिंपीकाकांनी मला हाक मारली. कुबडी घेऊन फळीवर बसलेले असतात, शिवण आता बंदच आहे. म्हणाले, तुझे बाबा आले होते. मला आधी खरंच वाटेना. त्या दिवसानंतर या दारात पाय टाकला नव्हता. काका म्हणाले, मला वाटलं माफी मागायला आला. तर बाबांनी खिशातून तुझं पत्र काढलं आणि म्हणाले, मुलाचं आहे, जरा वाचून दाखवा. मुलीने वाचलंय, पण ती कधीकधी चुकीचं वाचते.

काकांनी वाचलं. बाबांनी विचारलं, एवढंच? खाली काही नाही? काका म्हणाले, सही आहे. मागच्या बाजूला? काकांनी कागद उलटला, मागे कोरा होता. मग बाबा म्हणाले, पुन्हा एकदा वाचा.

"मग वाचलं मी पुन्हा," काका मला म्हणाले. "सावकाश वाचलं. मला काय, दिवसभर बसूनच असतो."

चिमणी